वेचणीच्या दिवसांतली अभ्यासिका

श्रोते हो, नमस्कार. कापूस फुटला, शेतात सीतादही म्हणजे वेचणीआधीची पूजा झाली, आणि गावोगावच्या वर्गांत हजेरी उतरायला लागली. मायबाप वेचणीला गेले की मोठी पोरं त्यांच्यासोबत जातात, नाहीतर घरी धाकट्याला सांभाळतात. अशा दिवसांत संध्याकाळच्या अभ्यासिकेत शिकवायला जाणाऱ्या तरुण पोरापोरींना माझं एकच सांगणं आहे. वार ठरवा आणि ठरलेला वार मोडू नका. तीनच पोरं आली, तरी मोडू नका.

पांढरकवड्याकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. बी.ए. करणारी एक मुलगी तिथल्या समाजमंदिरात सोमवारी आणि गुरुवारी पोरं बसवायची. समाजमंदिर म्हटलं की मला राहवत नाही. लग्नं आणि जयंत्या सोडल्या तर ही मंदिरं वर्षभर कुलपात असतात. त्यांची किल्ली गावातल्या शिकणाऱ्या पोरांकडे हवी, हे मी प्रत्येक सरपंचाला सांगत आलो आहे.

तर त्या वर्गात पाचवीतली एक पोट्टी होती. हातच्याची बेरीज आली की पाटी पालथी घालायची. वेचणी लागली, वर्ग ओस पडला. ही ताई मात्र दर सोमवारी, दर गुरुवारी हजर. एका गुरुवारी त्या पोट्टीची माय कमरेला बांधलेला कापूस वेचायचा ओटा न सोडताच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, मागच्या बाजारी मजुरीचा चुकारा कमी भेटला असं वाटते. पन सांगू कोनाले? लिवलेलं तं काहीच नाई."

ताईनं एक वही काढली, पोट्टीच्या हातात दिली. "रोज रात्री मायला विचारायचं, आज किती किलो? आणि इथं मांडायचं."

पुढच्या गुरुवारी वहीत पाच आकडे होते. ३२, ३५, २८, ४१, ३०. पोट्टी बेरजेला बसली. एककाचे झाले सोळा. सहा मांडले, आणि हातचा एक तिनं आपण होऊन दशकाच्या डोक्यावर लिहिला. उत्तर आलं १६६. दहा रुपये किलोनं १,६६० रुपये.

शुक्रवारी बाजाराच्या दिवशी मालकाच्या वहीत निघाले १३८ किलो. माय गप्प उभी. पोट्टीनं आपली वही पुढं केली आणि एकेक वार वाचायला लागली. मंगळवारी थांबली. "हे अठ्ठावीस तुमच्यात नाई." मालकानं माप घेणाऱ्या गड्याला हाक मारली. मंगळवारचं माप चढवायचं राहिलं होतं. २८० रुपये जागेवर हातात पडले.

त्यानंतर गल्लीतल्या बाया आपापलं माप सांगायला समाजमंदिरात येऊ लागल्या. लिहायला पोरं लागणारच, म्हणून पोरंही परत आली. माझं म्हणणं ध्यानात घ्या, ताई त्या गुरुवारी तिथं नसती तर माय दारातून माघारी गेली असती. म्हणून पुन्हा सांगतो, वार मोडू नका.

हाताच्या कामातून शिक्षण द्यावं, हा विचार आपल्या वर्ध्यातच १९३७ सालच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला होता. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदाही १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कायद्यानं पोर शाळेत दाखल होतं. त्याच्या शेजारी बसून अडलेला हातचा सोडवायला मात्र माणूस लागतो, आणि ते माणूस गावातलंच असलं तर फार बरं.

सुरुवात करणार असाल तर बाजाराचा वार सोडून दोन वार धरा. पाट्या ठेवाच, चुकलेलं पुसता येतं म्हणून भित्रं पोरही पाटीवर लिहायला धजतं. लाइन जाणारच, तेव्हा चार्जिंगचा दिवा जवळ असू द्या. वर्ग सुटला की मुलींना घरापर्यंत सोडा आणि घडीभर ओट्यावर टेका. वेचणीच्या दिवसांत मायबाप भेटतात ते त्याच वेळी.