काय म्हणाला तो?

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय 'सिनेमा, बातम्या आणि आपलं रोजचं जगणं'. तिन्हींवर बोलायचं आहे, पण सुरुवात एका प्रश्नाने करतो. संध्याकाळी टीव्ही लागला की घराघरात तो विचारला जातो: "काय म्हणाला तो?" विचारणारा बहुधा घरातला सगळ्यात वयस्क माणूस. उत्तर येतं, "काही नाही, नंतर सांगते." नंतर कुणी सांगत नाही. असं चार-सहा वेळा झालं की माणूस विचारणं सोडतो, मग पाहणं सोडतो, आणि घरचे म्हणतात, "बाबांना हल्ली कशात रस राहिला नाही." रस असतो हो. शब्दच पोचलेले नसतात. आणि ते न पोचण्याचं सगळं खापर त्या म्हाताऱ्या कानावर फोडलं जातं, ही माझी तक्रार आहे.

आधी कानाचा जेवढा दोष आहे, तेवढा कानाच्या पदरात टाकू. त्यासाठी सगळ्यांनी एक करा. तळवा गळ्यावर ठेवा आणि मोठ्याने 'आ' म्हणा. थरथर जाणवली ना? आता नुसता 'स्स्' काढा. गळा गप्प. 'आ' गळ्यातून निघतो, 'स' म्हणजे दातांमधून घासत निघालेली हवा. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि शब्दाची ओळख बरीचशी व्यंजनांत. आवाज किती उंच ते हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं त्यात मोजतात; आकडा मोठा तितका आवाज बारीक. स्वरांचा बहुतेक जोर एक हजार हर्ट्झच्या खाली असतो. श, ख, फ, थ यांची ओळख पटवणारा भाग दोन हजारांच्या वर सापडतो, आणि 'स' तर चार हजारांच्याही वर पसरलेला असतो. तरुण निरोगी कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वयाप्रमाणे जे जातं ते वरच्या टोकाकडून जातं. म्हणून आवाज येतो आणि शब्द कळत नाही. "ऐकू तर येतंय, पण कळत नाही" ही तक्रार शब्दशः खरी आहे. 'साठ'मधला 'स' गाळा, राहतं 'आठ'. 'सात' होतो 'आत'. 'शाळा' होते 'आळा'. लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाचं आमंत्रण आठव्याचं म्हणून ऐकलेला पाहुणा गोंधळणारच!

अशा माणसाशी लोक ओरडून बोलतात. ओरडून काय वाढतं? 'आ' वाढतो. 'स' त्या मानाने फारसा वाढत नाही. म्हणजे जे ऐकू येतच होतं ते आणखी मोठं होतं, आणि जे येत नव्हतं ते बहुतांशी तसंच राहतं. शिवाय आतल्या कानातल्या पेशी झिजल्या की आणखी एक त्रास सुरू होतो. हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की टोचायला लागतो. "मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला", ही दोन वाक्यं एकाच तोंडून निघाली की घरातले चिडतात. तो स्वभाव नव्हे. ऐकू येणं आणि असह्य होणं यांच्यातली जागाच अरुंद झालेली असते. तेव्हा समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, नेहमीच्या आवाजात, शब्द सुटे करत बोला. न कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून म्हणा.

झाला कानाचा वाटा. आता ज्यांचा वाटा कुणी मोजत नाही त्यांच्याकडे वळतो.

पहिला वाटा मिक्सिंगचा. सिनेमाचा आवाज मोठ्या, शांत, प्रेक्षागृहासारख्या खोलीत बसून जुळवतात. आवाज किती मोठा ते डेसिबलमध्ये मोजतात. तिथे पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलच्या पातळीला लावलेला असतो आणि त्याच्या वर स्फोट-बिफोटांसाठी २० डेसिबलची मोकळीक ठेवलेली असते. त्या खोलीत कुजबुजही स्वच्छ ऐकू येते. तोच सिनेमा आपण घरी पंख्याखाली, बरंच हळू लावून बघतो. सगळंच खाली उतरतं आणि कुजबुज पंख्याच्या आवाजात बुडते. ती ऐकायला रिमोट उचलावा, तोच मारामारी सुरू होते आणि शेजारच्या खोलीतलं बाळ जागं होतं. मग पुढचे दोन तास अंगठा त्या बटणावरून हलत नाही. आणखी एक गोष्ट. मिक्सिंग करणाऱ्याने तो संवाद शंभरदा ऐकलेला असतो, संहिता त्याला पाठ असते. ठाऊक असलेला शब्द कसाही ऐकू येतो. माझं स्पष्ट मत आहे की शेवटच्या दिवशी त्या खोलीत संहिता न वाचलेलं, साठी ओलांडलेलं एक माणूस बसवावं आणि ते "काय म्हणाला?" म्हणालं की तिथे थांबावं.

नटांचाही वाटा आहेच. पूर्वी माइक लांब असायचा, नाहीतर संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे, त्यामुळे शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत उच्चारावा लागे. कपड्यात लपणारा बिनतारी माइक आला आणि पुटपुटून बोलण्याची मुभा मिळाली. अभिनय जास्त खरा झाला, हे मी मान्य करतो. पण वाक्याचं शेपूट गिळलं जातं, आणि आपल्या भाषेत क्रियापद त्या शेपटातच असतं. 'गेला होता' की 'गेला नव्हता', हे कळायला शेवटचा शब्दच लागतो.

दुसरा वाटा टीव्हीचा. जुन्या टीव्हीला पोट होतं, स्पीकरला जागा होती आणि तो समोर तोंड करून बोलायचा. आताचा टीव्ही बोटभर जाडीचा. स्पीकर छोटे, आणि बऱ्याच टीव्हींत त्यांची तोंडं जमिनीकडे किंवा मागच्या भिंतीकडे. खर्जाचा आवाज वळणं घेत येतो. वरचे आवाज टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. म्हणजे स्वर आपल्याकडे येतात आणि 'स', 'श' भिंतीवर आपटून विखरून येतात. कान जे गमावतो आहे, नेमकं तेच टीव्ही भिंतीला देऊन टाकतो.

तिसरी भानगड ५.१ची, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा डबा यांच्यासाठी वेगवेगळ्या वाटांनी, म्हणजे चॅनेलांनी, जुळवलेल्या आवाजाची. त्या मिक्समध्ये बहुतेक सगळे संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात. टीव्हीला मधला स्पीकर नसतोच. मग मधलं चॅनेल साधारण ३ डेसिबल उतरवून डाव्या आणि उजव्या दोन्ही स्पीकरांत टाकलं जातं, आणि त्याच दोघांत संगीत, पाऊस, गर्दी असं सगळं कोंबलं जातं.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक उलट्या क्रमाने जातात, आधी महागडी वस्तू आणतात.

आधी कान तपासा. मळाचा बोळा बसला असेल तर डॉक्टर तो काढतात आणि निम्मी तक्रार तिथेच संपू शकते. काडी घालू नका, मळ आत ढकलला जातो. मग ऑडिओग्राम करून घ्या. त्यात २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत एकेका सुराला किती डेसिबल लागले त्याचा आलेख मिळतो. रेघ डावीकडे वर आणि उजवीकडे घसरत गेलेली दिसली की समजा, व्यंजनं जाताहेत. श्रवणयंत्र घेतलंत तर पहिल्या आठवड्यात भांडी, कागद, पंखा सगळंच कर्कश वाटेल. मेंदू ते आवाज विसरलेला असतो. रोज थोडे तास वाढवत वापरा आणि यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला जा. न जुळवलेली यंत्रं कपाटात जातात.

मग टीव्हीच्या मेनूत आवाजाचा विभाग उघडा. 'क्लिअर व्हॉइस', 'डायलॉग' किंवा 'स्पीच' अशा नावाची सोय असेल ती चालू करा. 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' चालू करा, त्याने मोठे आवाज दबतात आणि लहान वर येतात. 'सराउंड' बंद. बास, म्हणजे खर्ज, दोन-तीन घरं खाली. ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, थोडाच वर, फार चढवलात तर 'स' शिट्टी मारतो. सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये आवाजाच्या यादीत ५.१ निवडलेलं असेल तर साधा स्टीरिओ निवडून बघा. खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढा. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, फुकट. उघड्या फरशीच्या आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत शब्द घुमतो, तिथे जाड पडदा आणि सतरंजी फार काम करतात.

एवढं करून भागलं नाही तरच साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. घेताना मधला स्पीकर वेगळा आहे का ते विचारा. खोक्यावर ३.० किंवा ३.१ असं लिहिलेलं असतं. २.१ म्हणजे दोन स्पीकर आणि एक खर्जाचा डबा. धडधड वाढेल, शब्द वाढतीलच असं नाही. बार कपाटाच्या खणात आत ढकलू नका, पुढच्या कडेला आणून कानाच्या उंचीच्या जवळ ठेवा. एचडीएमआय वायर टीव्हीच्या ज्या भोकावर 'एआरसी' लिहिलंय त्यातच घाला. शेजारच्या भोकात घातली तर टीव्हीचा आवाज बारमध्ये येणार नाही, आणि लोक बार बिघडला म्हणून परत करतात. ब्लूटूथने जोडलात तर आवाज ओठांच्या मागे पडू शकतो. आपण नकळत ओठ वाचत असतो, त्यामुळे तो फरक फार नडतो. आणि उपशीर्षकं लावायला लाजू नका. अक्षरं मोठी करा, मागे काळी पट्टी ठेवा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. बातम्या पूर्ण राहिल्या, तेव्हा भराभर सांगतो.

कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकांनी १९५३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्याच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणं, आणि त्याने एकच मोठ्याने उच्चारत जायचं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच इंग्रजीचं जर्मन झालं, तरी ते ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. ही चांगल्या कानांची, शांत खोलीतली गत. बातम्यांच्या पडद्यावर सहा चौकटींतून चौघं एकदम बोलतात, खाली पट्टी धावते, मागे ढोल वाजतो. वरच्या पट्टीतले आवाज गेलेल्या कानाला एका आवाजातून दुसरा सोडवणं अवघडच. तिथून माणूस जे घेऊन उठतो ते म्हणजे आवाजाची चढी पट्टी आणि दोन-चार अर्धवट शब्द. त्यावर तो दिवसभर काळजी करतो. जुन्या मीडियम वेव्ह रेडिओला वरचे आवाज जवळपास नव्हतेच, तरी बातमी कळायची. कारण एकच माणूस, माइकजवळ, संथ वाचायचा आणि मागे संगीत नसायचं. तेव्हा बातमी वाचा. चर्चा बघायचीच असेल तर बातमी वाचून झाल्यावर बघा. ठाऊक असलेला शब्द कान पकडतो, हे मघाशी आलंच.

मोबाइलवर आलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकुराच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो अनेक हातांतून आलेला असतो. असा मजकूर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. व्हिडिओ असेल तर आधी तारीख आणि ठिकाण शोधा. जुना पूर, जुनी दंगल आजची म्हणून फिरते. चित्रफीत थांबवून पडद्याचा फोटो काढा आणि तो गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाका. तेच चित्र तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडलं तर काम झालं.

आणि रोजचं जगणं म्हणजे फोन. साधा फोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवतो. 'स'चा मोठा भाग त्याच्या वर, म्हणजे तरुण कानालाही तो फोनवर अर्धाच मिळतो. 'साठ' आणि 'आठ' पुन्हा समोर उभे. औषधाची मात्रा, गाडीची वेळ, खात्याचा आकडा फोनवर घेताना एकेक अंक मागा, 'सहा, शून्य' असा, आणि ऐकलेलं त्यांना परत म्हणून दाखवा. त्याहून बरं म्हणजे लिहून पाठवायला सांगा. अ‍ॅपवरचा किंवा एचडी कॉल साधारण ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, तिथे शब्द जास्त सुटे ऐकू येतात.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न घेऊ. विचारताना उभे राहा, माझ्याकडे तोंड करा, आणि माइक हनुवटीपासून चार बोटांवर धरा. छातीशी धरलात तर मागच्या रांगेला फक्त स्वर पोचतील.