ओल्ड गोव्याच्या नन्सनी शहरातल्या पुरुषांची झोप का उडवली होती?

नमस्कार मंडळी! ओल्ड गोव्याला गेलं की आपलं ठरलेलं असतं, बॉम जीझसला रांग लावायची, सेंट ऑगस्टिनच्या पडक्या टॉवरसमोर फोटो काढायचे आणि गाडी परत पणजीकडे. पण त्या टॉवरजवळच जांभ्या दगडाची एक तीन मजली दांडगी इमारत आहे, बाहेरून एवढे जाड टेकू दिलेत की किल्लाच वाटावा, तिकडे कोण बघतच नाही. ते सांता मोनिका कॉन्व्हेंट. पोर्तुगीजांच्या आशियातल्या राज्यातला नन्सचा पहिला मठ, सुरुवात १६०६.

मठ काढल्याचं श्रेय कायम गोव्याचे आर्चबिशप मेनेझिसना मिळतं. पण आत पहिल्यांदा गेलेल्यांत फिलिपा फेरेरा नावाची एक विधवा होती, तीही लेकीला घेऊन, आणि पुढे मठाचा कारभार तिनेच बघितला. हे नाव किती जणांनी ऐकलंय सांगा!

आता खरी मजा. मठात जायचं तर घरच्यांनी हुंडा द्यायचा, म्हणजे नवऱ्याला नाही, मठाला. त्यात पैसेवाल्या विधवा आपली मालमत्ता घेऊन आत जायला लागल्या, आणि एकदा आत गेलेला पैसा बाहेर कशाला येतोय? झालं, शहराच्या सिनेटने, म्हणजे तिथल्या नगरसभेने, थेट पोर्तुगालच्या राजाकडे तक्रार केली की श्रीमंत बायका सगळ्या मठात चालल्या, आमच्या माणसांनी लग्नं कोणाशी करायची? बरं, तिकडे राजा लिस्बनहून अनाथ मुली जहाजाने गोव्याला पाठवत होता, लग्नासाठी, आणि हुंडा म्हणून चक्क सरकारी नोकरी, जो मुलीशी लग्न करेल त्याला ती पोस्ट! एवढा खटाटोप चालू असताना इथल्या बायका लग्नालाच नाही म्हणतायत म्हटल्यावर मिरच्या झोंबणारच ना. शेवटी नन्सच्या संख्येवर शंभरची मर्यादा आली.

भांडण चालूच राहिलं, आणि १६३६ मध्ये मठातल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले अशी बातमी पसरली. चमत्कार मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण टायमिंग बघा राव.

पण म्हणून याला एकदम स्त्रीमुक्तीचा अड्डा वगैरे करू नका हां. आत काळ्या बुरख्याच्या नन्स वर, पांढऱ्या बुरख्याच्या खाली, आणि राबायला गुलाम बायका होत्या, त्यांची नावं तर शोधूनही मिळायची नाहीत.

मठ बंद कसा झाला तेही ऐका, कोणी धाड वगैरे घातली नाही. १८३४ नंतर पोर्तुगालने धार्मिक संघ मोडीत काढले, पुरुषांचे मठ झटक्यात बंद केले, नन्सना मात्र राहू दिलं, फक्त नवीन मुली घ्यायच्या नाहीत. मग काय, एकेक करत संपल्या, शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पुढे तिथे सैन्यसुद्धा राहिलं. १९६४ पासून तिथे मातेर देई इन्स्टिट्यूट आहे, नन्सनाच थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारं, आणि बाजूलाच ख्रिश्चन आर्टचं म्युझियम आहे, तेवढं तिकीट काढून आत जाच.