शिंगं फुटलेलं फूल

श्रोतेहो, नमस्कार. आयरिस हे फूल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त चित्रातच पाहिलं असेल. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि लोंबत्या पाकळीच्या मधोमध केसाळ पट्टा, तिची दाढी. केशर आणि ग्लॅडिओलस याच कुळातले. आज बोलायचं आहे ते या दाढीच्या टोकाला फुटणाऱ्या शिंगाबद्दल.

कॅलिफोर्नियात सिडनी मिचेल नावाचे गृहस्थ होते. बर्कलीला ग्रंथपालनाचं शास्त्र शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात आयरिसचे संकर करायचे. त्यांच्या काही रोपांना विचित्रच फुलं आली. दाढी पाकळीवर टेकून न राहता टोकाशी सुटली आणि हवेत उभी राहिली. दुसऱ्या कुणी ती रोपं उकिरड्यावर टाकली असती. पण ती लॉइड ऑस्टिन यांच्या नजरेत भरली. ऑस्टिन प्लासरव्हिलचे, एकेकाळी पाइनच्या झाडांच्या संकराचं केंद्र चालवलेले. वेगळेपण टिकवायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. 1954 साली त्यांनी ‘युनिकॉर्न’ ही जात बाजारात आणली, आणि पुढे या सगळ्या मंडळींना ‘स्पेस एज’ हे नाव दिलं. काळच तसा होता! दाढीचं टोक नुसतं टोकदार राहिलं तर शिंग, पुढे पसरलं तर चमचा, आणि त्याला पाकळीसारखा घेर आला तर झालर.

आयरिसच्या प्रदर्शनांतल्या परीक्षकांना हे मुळीच रुचलं नाही. ही विकृती आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. मला विचाराल तर ते अगदीच चुकीचे नव्हते. सुरुवातीच्या जातींत शिंगाचं कौतुक फार आणि फुलाची ठेवण बेताची. हे चित्र बदललं ते मॉण्टी बायर्स यांच्यामुळे. तेही कॅलिफोर्नियाचेच. 1989 साली त्यांच्या ‘थॉर्नबर्ड’ आणि ‘कॉन्ज्युरेशन’ या जाती आल्या. अमेरिकेत आयरिसचा सर्वोच्च मान म्हणजे डाइक्स पदक. ते ‘थॉर्नबर्ड’ला 1997 साली मिळालं, ‘कॉन्ज्युरेशन’ला लगेच पुढच्या वर्षी, आणि त्यांच्याच ‘मेस्मरायझर’ला 2002 साली. बायर्स मात्र हे पाहायला राहिले नव्हते. ‘थॉर्नबर्ड’चा रंग मातकट, हिरवट पिवळा आणि शिंगं जांभळी, त्यामुळे पदकावरून वादही झाले. मी असतो तर ‘कॉन्ज्युरेशन’ला आधी दिलं असतं, पण ते असो.

बायर्स यांना आणखी एक ध्यास होता: वर्षातून दोनदा फुलणारी आयरिस. इथे मात्र हवामान आडवं येतं. कॅलिफोर्नियात शरद ऋतू लांबतो, दुसरा बहर निवांत उमलतो. तेच रोप थंडीच्या राज्यात लावलं की दांडा वर येतो न येतो तोच हिम पडतं आणि कळ्या करपतात. म्हणून कमी दिवसांत बहर उरकणारी जात तिथल्या लोकांना मोलाची. लॉइड झुर्ब्रिग यांची पांढरी ‘इम्मॉर्टॅलिटी’ 1982 पासून तिथे टिकून आहे, ती याच गुणावर.

हा पेच जुनाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी पूर्व भूमध्य प्रदेशातून मोठ्या फुलांच्या आयरिस मागवल्या. आजच्या उंच जातींचा भव्यपणा, गुणसूत्रांचे दुप्पट संच, हे सगळं तिकडून आलं. पण त्यांतली काही रोपं पावसाळी शरदातच नवे कोंब काढत आणि इंग्लंडच्या थंडीत सापडत. म्हणजे आकार एका देशातून मिळतो आणि चिवटपणा दुसऱ्या देशात कमवावा लागतो. शिंगाचंही तेच. हवामानाप्रमाणे एकाच रोपाला एका वर्षी लांब शिंगं येतात, पुढच्या वर्षी नुसता कोंब. फ्लॉरेन्सच्या आयरिस उद्यानात देशोदेशीचे कंद आधी तिथल्याच मातीत वाढवतात आणि मग स्पर्धेत फुलं तपासतात. ही पद्धत मला फार पटते.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत दाढीवाल्या आयरिसच्या नादी लागू नये. हिवाळ्याची पुरेशी थंडी मिळाली नाही तर नुसती पानंच वाढतात, आणि पावसाळ्यात कंद कुजतो. पण तुमची मुलं-नातवंडं न्यू जर्सीला किंवा टोरांटोला असतील, तर त्यांना जरूर सांगा. उन्हाळा सरता सरता कंद लावायचा. आल्यासारखाच दिसतो तो. त्याची पाठ उन्हाला उघडी ठेवायची, मातीत गाडायचा नाही. वसंतात फूल उमललं की सकाळीच चिमट्यानं एका फुलाचा परागकोश काढायचा आणि दुसऱ्या फुलातल्या पाकळीवजा फाट्याखालच्या बारीक ओठावर घासायचा. शिंगाच्या जातीचा पराग साध्या, पण त्या गावात रुळलेल्या जातीवर घ्या. दांड्याला आई-बापांची नावं लिहून चिठ्ठी बांधा. बी साधारण दोन महिन्यांत पिकतं. शरदात पेरलं की थंडी खाऊन पुढच्या वसंतात रुजतं, आणि पहिलं फूल यायला आणखी दोन-एक वर्षं जातात. पहिल्या बहरात शिंग नाही दिसलं तर रोप लगेच उपटू नका, दुसरा बहर पाहून मग ठरवा.