राग आधी अंगात येतो

नमस्कार श्रोतेहो.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना नुसत्या बघायला शिकवणाऱ्या ध्यानाचं शिबिर, संपतं, माणूस अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडतो आणि कसारा घाट उतरेपर्यंत मन निवांत असतं. मग घर येतं. पाणी गेलेलं असतं, मुलाची वही कोरी असते, पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजतं आणि पहिल्या आठवड्यातच आवाज पूर्वीसारखा चढतो. अनेकजण तिथेच ठरवून टाकतात, की ध्यान आश्रमात जमतं, संसारात नाही.

ही समजूत पुसून टाकायला हवी. सत्यनारायण गोयंका ही साधना घेऊन 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. सरकारी हिशेब सांभाळणारा हा गृहस्थ आपल्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायचा. म्हणजे कचेरी आणि घर ही या साधनेची नेहमीचीच जागा आहे.

शिबिरात चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठका असतात. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. विसाव्या मिनिटाला नाकावर खाज सुटते, गुडघा ठणकायला लागतो. साधक खाजवत नाही, पाय सोडत नाही, नुसतं बघतो. खाज वाढते, शिगेला जाते, सरकते, विरते. हा सराव गुडघ्यासाठी नसतोच. कुणी टोचून बोललं की उलट बोलायची जी ऊर्मी येते, तीही अशीच अंगात उठलेली एक खाज असते. समोरच्याचं वाक्य कानावर पडतं, जबडा आवळतो, कानशिलं तापतात, पोटात गोळा येतो, श्वास आखूड होतो आणि मग शब्द बाहेर पडतात. आपल्याला वाटतं आपण त्या माणसाला उत्तर दिलं. खरं तर ती अंगातली आग सहन झाली नाही, म्हणून तोंड उघडलं. साधकाला काम करायचंय ते या दोन क्षणांच्या मधल्या जागेत.

ते कसं करायचं? आवाज चढतोय असं जाणवलं की डोळे उघडेच ठेवा, समोरच्याकडेच बघा. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर श्वास लागतो, तिथे लक्ष न्या आणि दोन-तीन श्वास जसे येतील तसे बघा. मुद्दाम दीर्घ श्वास घेऊ नका. रागातला श्वास धापेचा असेल तर धापेचाच बघायचा. मग संवेदना जिथे सगळ्यात जोरात आहे तिथे या. छाती असेल, मान असेल. ताण केवढ्या जागेत आहे? स्थिर आहे की सरकतोय? त्यानंतर बोला. बोलणं कडक असू शकतं, पण निवडून केलेलं असतं. तेवढंही जमत नसेल तर "दहा मिनिटांनी बोलू" एवढंच सांगून उठा आणि चालताना तळपायांकडे लक्ष द्या. फोनवरच्या मेसेजला उत्तर देताना तर हे सोपं आहे: फोन पालथा ठेवा, दोन्ही तळहात टेबलावर टेकवा, कानशिलं निवेपर्यंत टाइप करू नका. गाडी चालवताना मात्र लक्ष रस्त्यावरच असू द्या. हँडलवरची मूठ सैल केली तरी पुरे.

सगळ्यात जास्त चूक होते ती राग गिळण्यात. साधक गप्प बसतो आणि त्यालाच समता, म्हणजे मनाचा समतोल, म्हणतो. ओळखायची खूण सोपी आहे. राग दाबलेला असेल तर जबडा आवळलेलाच राहतो आणि रात्री अंथरुणात तेच संवाद पुन्हा पुन्हा घोळतात. दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. संवेदना जावी म्हणून तिच्याकडे बघणं. ती गेली नाही की चिडचिड आणखी वाढते, कारण बघताबघता आपण पुन्हा काहीतरी मागायला लागलेलो असतो. आणि राग पेटलेला असताना मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, करू नका. ती बैठकीच्या शेवटी, मन निवलेलं असताना करायची असते.

अन्याय सोसण्यासाठी ध्यान मुळीच नाही. घरात मारहाण होत असेल तर श्वास बघत बसू नका, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. श्वासाकडे लक्ष नेल्यावर ज्यांची धडधड उलट वाढते, त्यांनी डोळे उघडून तळपायांवर लक्ष ठेवावं. त्रास टिकला तर डॉक्टरांना भेटावं. 14416 या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवरही बोलता येतं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर ती कधीही बंद करू नयेत.

हे सगळं भांडणाच्या वेळी आठवायचं तर रोजची बैठक हवी, नाहीतर तहान लागल्यावर विहीर खणण्याची गत. परंपरा सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास सांगते, शिवाय झोपताना आणि जागं झाल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटं. दोन तास निघत नाहीत म्हणून सगळंच सोडून देणारे फार आहेत. आमचं म्हणणं, सकाळचा अर्धा तास तरी कायम ठेवा, घर जागं व्हायच्या आधी, पोट जड नसताना. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ ताठ ठेवा. ज्यांनी शिबिर केलेलं नाही त्यांनी फक्त आनापान, म्हणजे श्वास बघणं, दहा मिनिटं करावं. राज्यातल्या अनेक शाळांतली मुलं ते करतात. शरीरभर संवेदना बघण्याचा पुढचा भाग शिबिरातच शिकावा.

प्रगती बैठकीतल्या शांततेवर मोजू नका. राग आला होता हे आधी संध्याकाळी कळतं. काही महिन्यांनी भांडण संपता संपता कळतं. मग कधीतरी वाक्य अर्ध्यावर असताना कळतं, आणि तिथे थांबता येतं.