उजेडातून अंधार वजा करताना

(यळ्ळूरचं शिवार, मागे राजहंसगड)

पावसानं उघडीप दिली की यळ्ळूरच्या शिवारात ऊन असं थेट उतरतं. इरली बांधावर ठेवून बायका ओणव्यानं रोप लावताहेत. याच उन्हातले अतिनील किरण भाताच्या पानात शिरतात आणि डीएनएमध्ये शेजारी बसलेल्या दोन थायमिनना (थायमिन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना जखडून टाकतात. तेवढी जागा मग पेशीला धड वाचता येत नाही. तरी रोप हिरवंगार राहतं, कारण दुरुस्ती करणारं विकर (एन्झाइम) त्याच्या आतच आहे आणि ते चालतं उजेडावर. त्याचं नाव फोटोलायेज.

(बेळगाव. महाविद्यालयाची प्रयोगशाळा)

बेकरीत वापरतात ते हे यीस्ट. त्यातही फोटोलायेज असतं. पाण्यात भरपूर पातळ करून ते दोन बशांवर सारखं पसरलंय. आता झाकणं काढायची, कारण अतिनील दिव्याचे किरण काचेतून पलीकडे जात नाहीत. चष्मे लावलेत, हातमोजे आहेत. दोन्ही बशांना अतिनील दिव्याचा सारखाच मारा. मग एक बशी लगेच फॉइलमध्ये गुंडाळली. दुसरी निळ्या दिव्याखाली ठेवली. त्यानंतर दोन्ही एकाच उबदार कपाटात.

हे बघा, कपाट उघडलं. अंधारातल्या बशीत तुरळक ठिपके, म्हणजे जगलेल्या यीस्टच्या वसाहती. उजेडातली बशी मात्र भरलेली.

‘सर, हितं लई आल्यात की!’

हीच गोष्ट १९४८-४९च्या सुमारास अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर यांच्या लक्षात आली. अतिनील माऱ्यानंतर किती बीजाणू जगतात, याचे त्यांचे आकडे काही केल्या जुळत नव्हते. तो फरक पडत होता साध्या दृश्य उजेडानं. पुढे या विकरावर आयुष्य घालवलं ते अझीझ संजार यांनी. तुर्कस्तानातल्या सावूर या छोट्या गावचे. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांत विभागून मिळालं, त्यातले ते एक. या टेबलाभोवती उभी असलेली निम्मी मुलं खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून एसटीनं येतात, हे जाता जाता सांगायला हवं.

(बी-कॉम्प्लेक्सची गोळी, काचेचा ग्लास)

उजेड पकडतो कोण? गोळी पाण्यात विरघळली. खोलीतला दिवा बंद. अतिनील टॉर्च लावला आणि पाणी हिरवट-पिवळं चमकलं. ही चमक बी-टू जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची. त्याच्यापासूनच पेशी एफएडी हा उजेड पकडणारा रेणू, म्हणजे फ्लेविन, बनवते आणि फोटोलायेजच्या पोटात तोच बसलेला असतो.

विकर पेशीबाहेर काढून शुद्ध केलं की हा फ्लेविन बहुधा इलेक्ट्रॉन गमावून बसतो आणि काम थांबतं. त्यावर निळा उजेड पडला की विकरातलेच तीन ट्रिप्टोफॅन (हे एक अमिनो आम्ल) एकामागून एक इलेक्ट्रॉन पुढे सरकवतात. फ्लेविन पुन्हा तयार होतो. मग उजेडाचा पुढचा कण आला की तो जखडलेल्या थायमिनना इलेक्ट्रॉन उसना देतो, जोड तुटतो आणि उसना इलेक्ट्रॉन परत घरी येतो. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या साधारण एक अब्जांश भागात उरकतो.

(इन्फ्रारेड यंत्र, जवळून)

फ्लेविनमधला हा बदल दिसतो तो असल्या यंत्रावर. एरवी यावर औषधांच्या पावडरी तपासतात. रेणूतला प्रत्येक बंध आपापल्या ठरलेल्या कंपनाला इन्फ्रारेड शोषतो. फ्लेविनचे कार्बन-ऑक्सिजन बंध १७००च्या आसपास (आकडा म्हणजे एका सेंटीमीटरात बसणाऱ्या लाटा), प्रथिनाचा कणा १६५०ला. आणि अडचण इथंच आहे. यीस्टचा एक थेंब टाकला, पडद्यावर १६४०ला हा एवढा मोठा फुगवटा आला, तो निव्वळ पाण्याचा. बाकी सगळं त्याच्याखाली गडप.

म्हणून नमुना कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन चकत्यांमध्ये काही मायक्रॉन जाडीचा ठेवतात, पुष्कळदा जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात. आधी अंधारात मोजायचं, मग निळा उजेड टाकून मोजायचं, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. जे बदललं नाही ते शून्य होतं. उरतात खाली गेलेल्या रेघा, म्हणजे मोडलेली अवस्था, आणि वर आलेल्या, म्हणजे नवी. हजारो अणूंच्या प्रथिनात नेमका कुठला बंध हलला, ते असं पकडता येतं.

माणसात फोटोलायेज नाही. आपली दुरुस्ती वेगळ्या, संथ वाटेनं होते. जपानमध्ये सासानिशिकी आणि नोरिन-१ या भाताच्या वाणांत अतिनील किरण सोसण्याचा जो फरक दिसतो, तो या विकरातल्या १२६व्या जागच्या एकाच अमिनो आम्लामुळे.

(पुन्हा प्रयोगशाळा, फळ्यावरची यादी)

यळ्ळूरच्या बासमतीतलं हे विकर असंच तपासायचंय, त्यासाठी ही यादी: चकत्या, जड पाणी, निळे एलईडी, थंड सेंट्रिफ्यूज. यंत्र आहेच. भाताचं जनुक जिवाणूत घालून विकर काढायचं काम पदव्युत्तरच्या दोघींनी अंगावर घेतलंय. बियाणं शेतकऱ्यांनी दिलंय, पिशवीवर वाणाचं नाव लिहून.