खेळले कोणाशी?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'कॉलेज बास्केटबॉलचं रँकिंग कसं ठरतं', आणि ते मी सांगणारच आहे, पण आधी मला टेर हॉटबद्दल बोलू द्या. इंडियानात राहून मार्चमध्ये ब्रॅकेट, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत कोण कोणाला हरवणार याच्या अंदाजाचा तक्ता, भरत नाही असं घर इथे नसेल, मुलं भरायला लावतातच, त्यामुळे सिलेक्शन संडे, म्हणजे त्या स्पर्धेच्या ६८ टीम कमिटी जाहीर करते तो रविवार, याबद्दल जास्त सांगत बसत नाही.

इंडियानापोलिसहून पश्चिमेला सव्वा तास गेलं की टेर हॉट. तिथलं इंडियाना स्टेट म्हणजे पुढे एनबीए गाजवणाऱ्या लॅरी बर्डचं कॉलेज. १९७९ साली ते ३३ जिंकून, एकही न हरता, ३३-० अशा रेकॉर्डने राष्ट्रीय फायनलला गेले आणि मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून ७५-६४ हरले. मग कितीतरी वर्षं त्यांचं नाव कोणी फारसं काढलं नाही, आणि एकदम २०२३-२४ चा सीझन आला. रॉबी अविला नावाचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा खेळाडू, गॉगल लावून खेळणारा, एवढा उंच पोरगा पण पास असे द्यायचा की बॉल खेळवणाऱ्या गार्ड लोकांनी शिकावं. त्या हिवाळ्यात मी दोनदा त्यांच्या जिमला, हलमन सेंटरला गेलो, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत लोक घसा बसेपर्यंत ओरडतायत, आजोबा-नातू एकाच रंगाच्या टीशर्टमध्ये. मिसुरी व्हॅली या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, रेग्युलर सीझनला पहिले आले. मग सेंट लुईसला कॉन्फरन्सच्या स्पर्धेची फायनल, समोर ड्रेक, आणि ८४-८० हरले. चार पॉइंट हो, फक्त चार!

पुढच्या रविवारी २८-६ असा रेकॉर्ड, नेट रँकिंगमध्ये (ते काय ते पुढे सांगतो) पहिल्या तिसात, आणि ६८ टीमच्या यादीत नाव नाही. त्याच यादीत व्हर्जिनिया होती, नेटमध्ये पन्नासच्याही खाली, ती डेटन शहरात कोलोरॅडो स्टेटकडून ६७-४२ हरली. आता त्या वर्षी बऱ्याच कॉन्फरन्समध्ये अनपेक्षित टीम जिंकल्या, विजेत्याला थेट जागा मिळते म्हणून बाकीच्यांसाठी जागा कमी झाल्या हे मान्य, त्यातली नॉर्थ कॅरोलिना स्टेट तर थेट फायनल फोरला गेली, तिला नावं ठेवायला जागाच नाही. पण मला राग आला तो सोमवारी ऑफिसात. जो तो एकच म्हणे, "अठ्ठावीस जिंकले, ठीक आहे, पण खेळले कोणाशी?"

मंडळी, त्यांच्याकडे खेळायला येतं कोण? मोठी कॉलेजं छोट्यांना पैसे देऊन आपल्या जिममध्ये बोलावतात, पण परत त्यांच्या गावी जायचं म्हटलं की तारखा जुळत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे, जिंकलात तर कोणी विचारत नाही आणि हरलात तर सीझनभर डाग. म्हणजे चांगली छोटी टीम असली की तिला नोव्हेंबर-डिसेंबरात मोठा प्रतिस्पर्धी मिळायचीच मारामार, आणि मार्चमध्ये तिलाच विचारायचं, खेळलात कोणाशी.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

यातलं सगळ्यात जुनं म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा एपी पोल, १९४९ पासून, पत्रकार मतं देतात, पहिल्याला २५ पॉइंट, दुसऱ्याला २४ असं खाली. १९८१ मध्ये आरपीआय नावाचं गणिती रँकिंग आलं, त्यात तुमची जिंकण्याची टक्केवारी फक्त २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांची ५० आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची २५. त्यामुळे कच्च्या टीमला हरवूनही तुमचा आकडा खाली यायचा! २०१८-१९ पासून नेट. नाव ऐकून तुम्हाला नेट रनरेट आठवला असेल आणि कल्पना बरीचशी तीच आहे, तिकडे ओव्हरमागे रन तशा इथे १०० पझेशनमागे, म्हणजे बॉल ताब्यात आलेल्या दर १०० वेळांमागे, केलेल्या पॉइंटांतून दिलेले पॉइंट वजा. फरक एवढाच की इथे समोर कोण होतं आणि मॅच कुठे झाली याचाही हिशोब लावतात. हे असलं गणित लोकांपर्यंत नेलं केन पॉमरॉयने, मूळचा हवामानतज्ज्ञ माणूस.

पण आकडा निघाला तरी कमिटी बघते क्वाड्रंट, म्हणजे मॅच किती अवघड होती त्यानुसार पाडलेले चार गट. घरी पहिल्या ३० मधल्या टीमशी, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधल्या, नाहीतर बाहेरगावी पहिल्या ७५ मधल्या टीमशी खेळलात तर क्वाड वन, सगळ्यात अवघड गट. टीम किती चांगली आहे हा एक प्रश्न आणि तिने कोणाला हरवलं हा दुसरा, पहिल्याचं उत्तर नेट बऱ्यापैकी देतं, दुसऱ्याचं उत्तर कॅलेंडर बनतं तेव्हाच निम्मं ठरलेलं असतं. माझी मागणी छोटी आहे, मोठ्या कॉन्फरन्सच्या प्रत्येक टीमने सीझनला निदान दोन मॅच छोट्या कॉलेजांच्या जिममध्ये जाऊन खेळाव्यात, आणि नाही गेली तर कमिटीने तिच्या टीम शीटवर, म्हणजे निवडीसाठी बघतात त्या माहितीच्या कागदावर, तसं ठळक लिहावं.

हो हो, संपवतोच. इंडियाना स्टेट मग एनआयटी या दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेत फायनलपर्यंत गेली, सेटन हॉलकडून ७९-७७ हरली. त्यानंतर कोच सेंट लुईस युनिव्हर्सिटीला गेले आणि अविलाही त्यांच्या मागोमाग तिकडेच.