बैलाच्या पोटातला छायाचित्रकार

श्रोतेहो, नमस्कार. पक्ष्यांचे फोटो काढू लागलेला माणूस आधी लेन्सचं विचारतो. चारशे मिलिमीटरची घेऊ की सहाशेची? लांबची लेन्स लागते, नक्की लागते. पण समोरच्या पक्ष्याला आपला धोका वाटला, तर तो उडून जाणार. लेन्स कितीची आहे, याच्याशी त्याला काय देणंघेणं?

यावरून केअरटन बंधूंची गोष्ट सांगतो, मला फार आवडते ती. रिचर्ड आणि चेरी, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे. पक्ष्याच्या घरट्याचा, आत अंडी असलेला, फोटो चेरीने १८९२ साली काढला. कॅमेरा जड, आत फिल्मच्या जागी काच, आणि एका काचेवर एकच फोटो. पक्ष्याच्या अगदी जवळ जाण्यावाचून इलाज नाही. पण उघड्या कुरणात लपायचं कुठे? आता बघा, चरणाऱ्या गुरांना पक्षी बिचकत नाहीत. मग या भावांनी बैलाचं कातडं मिळवलं, हलक्या सांगाड्यावर चढवून घेतलं आणि १९००च्या सुमारास चक्क बैल उभा केला! लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि कॅमेरा घेऊन रिचर्ड आत शिरला. लहानपणच्या अपघाताने पायाने अधू झालेला हा माणूस तिथे तासन्‌तास वाकून उभा राहायचा. एकदा आतच त्याला घेरी आली आणि बैल कोसळला, चारही पाय वर! चेरी आला, पाहतो तर हे असं. आणि त्याचाही त्याने फोटो काढला. हाडाचा छायाचित्रकार!

आपल्याला बैल नको. गाडीची खिडकी पुरते, कापडाचा आडोसा पुरतो. बसा आणि हलू नका. पक्षी पिसं साफ करू लागला, दाणे-किडे टिपू लागला, की तो निर्धास्त झाला म्हणायचं. मग फोकस डोळ्यावर. पुन्हा सांगतो, डोळ्यावर. उडताना टिपायचा असेल तर कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या २०००व्या भागाहून जास्त वेळ उघडं नको.

आणि हो, फोनवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावणं मला अजिबात मान्य नाही. विणीच्या दिवसांत बिचारा नर हद्द राखायला धावून येतो, पिलं तिकडे उपाशी. घरट्यांचे फोटो तर स्पर्धांनी घेऊच नयेत. केअरटनना जवळ जावं लागत होतं, आपल्याला लागत नाही.

या छंदात मिळतं काय? घरी फोटो मोठा करून बघा. चोचीतली अळी कुठली ते दिसतं. पंखात खाच दिसते, तिथलं जुनं पीस गळून नवं येत असतं. डोळ्यांदेखत झालेलं, पण तेव्हा न दिसलेलं! त्याच जागी पुन्हा पुन्हा गेलात तर तेच पिल्लू रंग बदलून मोठं होताना सापडतं. म्हणून प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता, एवढं लिहाच. घरट्याची जागा मात्र कुणाला सांगू नका. कुणालाही नाही. नमस्कार.